सिग्नीचा पहिला रोजा

रुकय्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिच्या माहेरी ठाऊक आहे, सासरी ठाऊक आहे आणि सौदीतल्या अल-खोबरमध्ये ती राहते त्या चार मजली इमारतीतही ठाऊक आहे. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या नवऱ्याला कफीलनं, म्हणजे अरबी मालकानं, सुट्टी नाकारली, ही बातमी लिफ्टच्या आधी वर पोचते ती रुकय्यामुळे. तिचा नवरा जलाल म्हणतो, "हिच्या पोटात जेवान ऱ्हातं तेवढंच. बाकी काय ऱ्हात नाय."

तरी एक गोष्ट तिच्या पोटात वीस वर्षं राहिली. खरं म्हणजे ती राहिली एका सात वर्षांच्या पोरीनं ठेवली म्हणून. यंदाच्या रमजानात रुकय्यानं ती सांडून टाकली, आणि तिकडे एका राजवाड्यात ठरलेलं लग्न अडचणीत आलं.

रुकय्या दाभोळच्या खाडीपल्याडची. जलाल लग्नाआधीपासून खोबरात ड्रायव्हर. एकुलता एक उसामा सातवीत असताना जलालला जोडीची नोकरी मिळाली: नवरा ड्रायव्हर, बायको घरकामाला आणि पोर सांभाळायला. उसामाला आजीपाशी ठेवून रुकय्या विमानात बसली. घर गोऱ्यांचं होतं, उंच भिंतीआडच्या वसाहतीत, जिथं प्रत्येक बंगल्यापुढं बोगनवेल आणि मधोमध पोहण्याचा तलाव. साहेब तेल कंपनीत सल्लागार. त्यांचं आडनाव इतकं लांब की इकाम्यावर, म्हणजे तिकडच्या राहण्याच्या परवान्यावर, मावत नव्हतं. पोर दहा महिन्यांची, केस मक्याच्या कणसाच्या शेंड्यासारखे. नाव सिग्ने. रुकय्यानं पहिल्याच दिवशी तिची सिग्नी केली.

त्या पोरीचं निम्मं बालपण स्वयंपाकघरात गेलं. मॅडमच्या जेवणाच्या टेबलावर ती काटा-चमचा नीट धरायची आणि मग मागच्या दारानं येऊन रुकय्याच्या ताटातली तांदळाची भाकरी सुरमईच्या कालवणात बुडवून ओरपायची. तिची भाषा म्हणजे इंग्रजीच्या भातात कोकणीचे खडे. "रुकय्या, गिव्ह मी पानी गो," असं म्हणायची. दहा वर्षांची झाली तेव्हा साहेबांची बदली झाली आणि ते लोक आपल्या मुलखात परतले. तो मुलूख म्हणजे उत्तरेकडच्या बर्फाळ राज्यांतलं एक. कुठलं, ते रुकय्याला आजही नीट सांगता येत नाही. ती तिन्ही नावं एका दमात घेते आणि म्हणते, "त्यातलाच एक."

सिग्नी मात्र विसरली नाही. दर ईदला तिचा फोन. गेल्या ईदला म्हणाली होती, "रुकय्या, मी लग्न करणार. मुलगा चांगला हाय. भांडी घासतो."

"भांडी घासतो म्हंजे? हाटेलात हाय?"

सिग्नी खूप हसली होती. तो राजाचा धाकटा मुलगा आहे, हे काही तिनं सांगितलं नाही.

ते कळलं यंदा, दहाव्या रोज्याला. उसामा आता इंजिनियर आहे. आईबाप त्याच्याच इकाम्यावर खोबरात असतात. त्या महिन्यात तो कामासाठी यान्बूला गेलेला. घरात रुकय्या, जलाल, सून मेहेक आणि चौदा वर्षांची नात लाइबा. लाइबा शाळेतून आली ती मोबाइल नाचवतच.

"दादी, लुक! धिस इज युवर सिग्ने, नो?"

मोबाइलमध्ये एका वाड्याच्या दगडी पायऱ्या आणि पायऱ्यांवर निळ्या झग्यात सिग्नी. शेजारी उंच, लाजरा मुलगा. लाइबानं वाचून दाखवलं: जूनमध्ये लग्न. नवरी चारशे वर्षं जुन्या सरदार घराण्यातली, वडील काउंट, त्यांचा तळ्याकाठी स्वतःचा किल्ला.

"काउंट म्हंजे काय गो?"

"लाइक... ओल्ड टाइमचे लँड-ओनर्स. बिग लोक."

"म्हंजे खोत!" रुकय्या चाटच पडली. "अवो, ऐकलंत काय? नऊ वर्सं आपण खोताच्या घरी होतो नि आपल्याला पत्ता नाय."

जलाल आरामखुर्चीतून म्हणाला, "खोत बरा म्हनायचा. आपल्या खोतानं कदी डायवरला ईदीला घड्याळ दिलान?"

रुकय्याचा आनंद मावेना. आणि मावत नसलेली गोष्ट ठेवायची कुठं, हा तिचा जन्माचा प्रश्न.

गावच्या जमातीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. रत्नागिरीपासून कुवेतपर्यंत दोनशे तेरा माणसं. जमातीचा सेक्रेटरी नदीम तो चालवतो. रमजानात त्या ग्रुपवर छोट्या रोजेदारांचे फोटो येतात. कोकणात पोरानं पहिला रोजा पुरा केला की घरात लग्नासारखी धांदल असते. नवे कपडे, गळ्यात हार, शेजारीपाजारी इफ्तारीची ताटं, आणि फोटो तर हवाच. त्या दुपारी रुकय्याच्या नणंदेनं आपल्या नातवाचा फोटो टाकलेला. खाली लिहिलेलं, सहा वर्षांचा वाघ, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. त्यावर माशाअल्लाहचा पाऊस.

रुकय्या उठली. कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला. त्यातून एक जुना फोटो निघाला: मक्याच्या केसांवर रुकय्याची हिरवी ओढणी, गळ्यात जरीचा हार, हातात अर्धा खाल्लेला खजूर, आणि ओठ सुकलेले असूनही हसणारी सात वर्षांची सिग्नी. लाइबाला त्याचा फोटो काढायला लावला, आताचा निळ्या झग्यातला फोटो त्याला जोडला आणि बोलून निरोप पाठवला.

"अस्सलाम वालेकुम. ही बघा, राजाची होनारी सून. हिला मी वाडवलंय. हिचा पैला रोजा माज्या हातचा. पुरा दीस पानी नाय प्याली. सहा वर्सांचा वाघ बघितलात, आता ही वाघीन बघा."

मेहेक भजी तळत होती. म्हणाली, "अम्मा, तिला विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं? माजीच पोर ती."

आता त्या फोटोमागचं सांगायला हवं. कारण रुकय्यानं ग्रुपवर सांगितलं ते अर्धंच होतं.

त्या वर्षी रमजान ऑक्टोबरात आला होता. मॅडमचे वडील आजारी पडले म्हणून मॅडम दहा दिवस तिकडे गेल्या. साहेब सकाळी जायचे ते अंधार पडता यायचे. शाळेला सुट्टी. पोर दोन दिवस मागे लागली होती, "तू नाही जेवत तर मी पण नाही." तिसऱ्या दिवशी सहरीच्या, म्हणजे पहाटेच्या जेवणाच्या, वेळी डोळे चोळत स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. रुकय्यानं दही-भाकरी दिली आणि मनाशी ठरवलं, चिमणीचा रोजा करू. चिमणीचा रोजा म्हणजे लहान पोरांची समजूत; दुपारी बारा वाजता सोडायचा आणि म्हणायचं, झाला हो पुरा.

बारा वाजले. पोर ऐकेना. दोन वाजले. तीनच्या सुमारास ती दिवाणखान्यातल्या फरशीवर पालथी पडली, गाल थंड फरशीला लावून. रुकय्या गोड्या पाण्याचा ग्लास घेऊन आली. "पी गो बाय. लहान पोरांना माफ असतं." सिग्नीनं मान हलवली. "तू पण नाही पीत."

रुकय्यानं ग्लास परत नेला.

एवढंच. दुसऱ्यांदा विचारलं नाही. ग्लास ओट्यावर ठेवताना तिला एकदम भरून आलं होतं, गोड वाटलं होतं. तिचा उसामा गावी; त्यानं पहिल्यांदा तीसही रोजे पुरे केले, ते तिनं फोनवर ऐकलेलं. हार आजीनं घातलेला. आणि इथं ही परक्याची पोर तिच्यासाठी ओठ सुकवून पडली होती. त्या गोडव्यापायी तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

संध्याकाळी जलालनं बाजारातून जरीचा हार आणला. हुफूफचे खजूर होते. अजान झाली, पोरीनं खजूर तोंडात टाकला, जलालनं फोटो काढला. रात्री पोरीला ताप भरला. उलट्या झाल्या. दोन दिवस ताप उतरला नाही, आणि तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. साहेबांनी बोलावलेल्या वसाहतीतल्या डॉक्टरनं सांगितलं, अंगातलं पाणी कमी झालंय, पोटही बिघडलंय.

मॅडमनी विचारलं, "रुकय्या, काय झालं हिला?"

रुकय्या रोज्यानं होती. त्याच तोंडानं म्हणाली, "उन्हात खेळली, मॅडम. मी नको बोलत होते. ऐकलं नाही."

पलंगावरून सिग्नीनं तिच्याकडं पाहिलं. फक्त पाहिलं. मग आईकडं वळून म्हणाली, "हो मम्मी. खेळले."

शिक्षा झाली: महिनाभर तलाव बंद. रोज चार वाजता बाकीच्या पोरांचा पाण्यातला गलका ऐकू यायचा आणि सिग्नी खिडकीशी चित्रं रंगवत बसायची. रुकय्या भाजी निवडता निवडता तिच्या पाठीकडं बघायची. एकदा जवळ जाऊन कानात म्हणाली, "कोनाला सांगायचा नाय हां." पोरगी म्हणाली, "नाय गो."

आणि नाही सांगितलं तिनं.

ग्रुपवर मात्र दोनशे तेरा माणसं होती. नदीमनं तो फोटो लगेच चार ग्रुपवर पुढं ढकलला. वर स्वतःचं शीर्षक: युरोपच्या राजघराण्यात आपली लेक. पुढच्या कुणी तरी त्यातलं 'आपली' काढून 'मुसलमान' घातलं. त्यापुढच्यानं 'गुपचूप' जोडलं. चौथ्या दिवशी लाइबा शाळेतून आली ती गप्प. दप्तर ठेवलं, मोबाइल आजीपुढं धरला. तोच फोटो. हिरवी ओढणी, जरीचा हार. पण खाली परक्या भाषेतली जाडजाड अक्षरं.

"काय लिवलानी हाय?"

लाइबा मोबाइललाच विचारून विचारून मराठीत आणत होती. "राजघराण्याची सून तिकडच्या चर्चची असायला पाहिजे, असा रूल हाय. तर हे बोलतात, हिनं... हिनं आपला धर्म लपवला. पीपल आर अँग्री, दादी. काही लोक बोलतात, लग्न पुढं ढकला. काही खूप घाण बोलतात. ते मी नाही वाचणार."

"पन ती सात वर्सांची होती!"

"दे डोन्ट केअर."

त्या दिवशी मगरिबला, रोजा सोडायच्या वेळी, रुकय्यानं खजूर हातात घेतला तो हातातच राहिला. मेहेकनं सरबत पुढं केलं. तिनं एक घोट घेतला आणि तिला वाटलं, हा घोट आपल्याला कुणी मोजून दिलाय.

तिनं नदीमला फोन लावला. "नदीम, तो फोटो काड रे बाबा. माज्याकडून चूक झाली."

"चाची, मी काडला तरी काय? तो आता माज्या हातात ऱ्हायलाय काय? केरळात गेला, टर्कीत गेला. आनी चूक कसली? गावाचा नाव झाला!"

"गावाचा नाव जाऊ दे खाडीत. पोरीचा लगीन मोडंल."

"रोज्यानं लगीन मोडत असंल तर मोडू द्या की. कसला घरानं ते!"

रुकय्यानं फोन ठेवला. सिग्नीला लावायची हिंमत होत नव्हती. दोनदा नंबर काढला, दोनदा मोबाइल पदराखाली दडवला. जलाल समोर बसून सगळं बघत होता, पण त्या दिवशी त्यानं एकही टोमणा मारला नाही. त्याचंच तिला जास्त लागलं.

पंधराव्या रोज्याला दुपारी परदेशातून फोन आला. सिग्नीचा नव्हता. एक बाई होती, राजवाड्याच्या कचेरीतली. आवाज मऊ, इंग्रजी सावकाश. मोबाइल टेबलावर ठेवला. लाइबा मध्ये बसून इकडचं तिकडं करू लागली.

बाई म्हणाली, उद्या दुपारी आम्हाला लोकांना काहीतरी सांगावं लागेल. तो फोटो सिग्नेचाच आहे का, एवढंच आम्हाला कळायला हवं. तिच्या आईनं आम्हाला ठामपणे सांगितलंय की नाही; माझ्या मुलीनं असं काही केलं असतं तर मला कळलं असतं, घरात भरवशाची बाई होती.

लाइबानं हे सांगितलं आणि आजीकडं बघायचं टाळलं.

"आनी सिग्नी? ती काय बोल्ली?"

बाई म्हणाली, ती काहीच सांगत नाही. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. राजपुत्रानं विचारलं, आम्ही विचारलं, आईनं विचारलं. एकच म्हणते: ही गोष्ट रुकय्याची आहे, तिला विचारा.

रुकय्याला खिडकीशी बसलेली ती पाठ दिसली. लग्न पणाला लागलं तरी पोरगी 'नाय गो' वर ठाम होती.

"विचार करून सांगते बोल तिला. तासाभरात."

फोन बंद झाल्याबरोबर मेहेक म्हणाली, "अम्मा, सरळ सांगा, दुसऱ्या कुणाची पोर आहे. त्या वसाहतीत गोऱ्यांच्या काय कमी पोरी होत्या? फोटो किती धुरकट आहे. तिच्या आईचा शब्द राहील, तिचं लग्न राहील, आणि आपलं नाव पेपरात येणार नाही. उसामाच्या नोकरीचाही विचार करा."

मेहेक वाईट नव्हती. आणि बोलत होती ते सोपं होतं, सगळ्यांना सोयीचं. रुकय्यानं जलालकडं पाहिलं.

जलाल म्हणाला, "रोज्याच्या तोंडानं खोटा बोलशील?"

"येकदा बोल्ले ना." रुकय्या म्हणाली. "रोज्याच्याच तोंडानं बोल्ले. पोरीनं माजा खोटा आपल्या अंगावर घेतलान आनी म्हैनाभर खिडकीत बसली. आता परत बोलू? मंग ती जन्मभर खिडकीतच बसंल."

"मग सांग खरा."

"सांगतंय. पन पैला मॅडमला."

कचेरीतल्या बाईकडून मॅडमचा नंबर मिळाला. लाइबा मध्ये बसायला आली तर रुकय्यानं तिला उठवलं. "तू जा. ह्या माजा मीच बोलनार."

तिचं इंग्रजी नऊ वर्षांच्या स्वयंपाकघरातलं. त्यात भाज्यांची नावं होती, डागांची नावं होती, येस मॅडम होतं, सॉरी मॅडम होतं. माफी मागण्याएवढं इंग्रजी तिच्याकडं कधी नव्हतंच. तरी ती बोलली. मॅडम, फोटो सिग्नीचा. मी उपाशी ठेवली. तुम्ही नव्हता. तुम्हाला विचारलं नाही. पाण्याचा ग्लास आणला, तिनं नको म्हटलं, मी परत नेला. दुसऱ्यांदा नाही विचारलं. मग ताप आला. तुम्ही विचारलं तर मी बोलले उन्हात खेळली. ती खेळली नाही मॅडम. घरातच होती. मी खोटं बोलले आणि ती माझ्यासाठी खोटं बोलली.

मॅडमचा आवाज आला, वीस वर्षांनी म्हातारा झालेला.

"मी तिला महिनाभर पोहू दिलं नव्हतं."

"येस, मॅडम."

"ती रोज चार वाजता मला विचारायची, आज तरी जाऊ का. आणि मी म्हणायचे, खोटं बोलणाऱ्या... नाही, न ऐकणाऱ्या मुलींना नाही."

"येस, मॅडम."

मॅडमनी फोन ठेवला. रागावल्या नाहीत, माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. रुकय्यानं ओरडा खायची तयारी केली होती. ओरडा मिळाला असता तर थोडं हलकं तरी वाटलं असतं.

मग तिनं लाइबाला बोलावलं आणि कचेरीतल्या बाईला सगळं सांगितलं. बाईनं विचारलं, तुमचं नाव घालू का? मेहेक दारातून दोन्ही हात हलवून नको नको करत होती. रुकय्या म्हणाली, "घाला. माजाच हाय ना ते."

दुसऱ्या दिवशी राजवाड्यानं चार ओळी छापल्या. फोटो सिग्नेचाच आहे. ती सात वर्षांची होती. ज्या बाईनं तिला सांभाळलं, त्या रुकय्याच्या घरचा तो सण होता. आईवडिलांना न विचारता तो झाला, याबद्दल रुकय्यानं माफी मागितली आहे. लग्न ठरल्या दिवशीच होईल.

आठवडाभर तिकडे धुरळा उडाला. मग त्यांच्याकडच्या कुणा मंत्र्याचं काहीतरी लफडं बाहेर आलं आणि पेपरवाले तिकडे पळाले. इकडे गावच्या ग्रुपवर मात्र निराळीच आग. नणंदेनं लिहिलं, रोज्याची माफी मागणारी बाई पहिल्यांदाच पाहिली. नदीमचा फोन आला.

"चाची, माफी कनाला मागितलीत? रोज्याची माफी मागतात काय कोन?"

"रोज्याची नाय रे बाबा. खोट्याची."

"लोकांना काय ते कळनार नाय."

"नको कळू दे."

"मंग मी ग्रुपवर काय लिवू?"

"लिव, चाचीला अक्कल उशिरा आली." आणि तिनं ग्रुप सोडला. दोनशे बारा माणसं उरली. लाइबा म्हणाली, "दादी, यू ओके?" रुकय्या म्हणाली, "तुजी दादी आता गप बसायला शिकतेय. हसू नको."

रमजानचे उरलेले दिवस तिनं एकाच गोष्टीची वाट बघण्यात काढले. सिग्नीचा फोन येईल का? आणि आला तर काय बोलायचं? लग्न राहिलं, हे खरं. पण राहिलं म्हणून आपण केलं ते पुसलं जातं का? सात वर्षांची पोर वीस वर्षं तोंड मिटून बसली, आणि अठ्ठावन्न वर्षांची बाई नणंदेच्या नातवापुढं मिरवण्यासाठी... नमाजानंतर दुवा मागताना ती इथवर यायची आणि पुढचे शब्द सापडायचे नाहीत.

ईदच्या दिवशी सकाळी शेवयांची खीर वाटून झाली होती. उसामा यान्बूहून आला होता, मेहेकची धावपळ चालली होती. फोन वाजला. पडद्यावर तोच लांब नंबर. रुकय्या मोबाइल घेऊन गच्चीवर गेली. वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला उभी राहिली.

"ईद मुबारक, रुकय्या."

"सिग्नी, मना माफ कर गो. मी तुजा नाव..."

"थांब. मी आधी." तिची कोकणी अडखळत होती, शब्द शोधत होती, पण होती अजून. "तू मम्मीला खरं सांगितलंस. मम्मी माझ्याकडं आली. रडली. मग मला वाटलं, आता मी पण सांगायला पाहिजे. तुला."

"मना काय सांगायचा?"

"माझा रोजा नव्हता."

"नव्हता म्हंजे?"

"मी पाणी प्याले. त्या दिवशी. तू ग्लास परत नेलास, मग मी बाथरूममध्ये गेले. नळाचं प्याले."

खोबरात नळाचं पाणी कुणी पीत नाही. खारट, टाकीतलं. त्यानं भांडी घासतात. गोडं पाणी स्वयंपाकघरात असतं. आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात रुकय्या स्वतः होती. तापही त्याच पाण्याचा, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"मग बोल्ली का नायस? मी काय मारनार होते तुला?"

"तू इतकी खूश होतीस. जलालनं हार आणला. तू मला तुझी ओढणी दिलीस. मी कशी सांगू? तो फोटो पेपरात आला ना, तेव्हा मला वाटलं, सगळ्यांना सांगून टाकू, मी पाणी प्याले होते, रोजा नव्हताच. सगळे हसले असते. संपलं असतं. पण तुला कळलं असतं."

खाली रस्त्यावर पोरं ईदीच्या नोटा फडकवत ओरडत होती. रुकय्याला त्यांचा आवाज येत होता आणि येतही नव्हता. तिला ती पोर दिसत होती, सात वर्षांची, बाथरूमचं दार लोटून, टाचा उंचावून, नळ बारीक सोडून, आवाज होऊ नये म्हणून. स्वतःच्या बापाच्या घरात पाणी चोरून पिणारी. कुणाच्या भीतीनं? भीतीनं नाही. रुकय्याला वाईट वाटू नये म्हणून.

ओरडावं, हसावं, अल्लाची माफी मागावी, यातलं तिला काहीच जमेना. शेवटी एकच प्रश्न तिच्या तोंडून आला.

"पोटभर तरी प्यालीस काय गो?"

"नाय," सिग्नी म्हणाली. "दोन घोट. मग तू हाक मारलीस."